भाऊ २४ तासांत १६१० किलोमीटर जाणार आहे. घरच्यांनी काय करायचं?

निरगुडी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. हा धागा 'वाहनं'मध्ये काढू की 'कौटुंबिक'मध्ये यावर अर्धा तास घालवला. शेवटी इथे टाकतेय. चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा धाकटा भाऊ, वय ३१. पुण्यात आईबाबांजवळ राहतो, मी दोन गल्ल्या सोडून. डॉमिनार ४०० मोटरसायकल आहे त्याच्याकडे. लडाख झालं, स्पिती झालं, ते आम्ही कसंबसं पचवलं. आता या महिनाअखेरीला 'सॅडलसोर' करायचं म्हणतोय. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन म्हणून संस्था आहे, तिचा हा पहिला टप्पा: हजार मैल, म्हणजे १६१० किलोमीटर, २४ तासांच्या आत. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पूर्ण केलं, कागदपत्रं धाडली, ती तपासून झाली की प्रमाणपत्र. बाबांनी संस्थेच्या नावाचं 'लोखंडी बूड मंडळ' असं भाषांतर केलं आणि त्यानंतर आठ दिवस त्या विषयावर अवाक्षर काढलेलं नाही.

मार्ग पुणे ते नेलमंगला (बंगळूरच्या अलीकडे) आणि आल्या रस्त्याने परत. जाऊन-येऊन १६३० होतात. पहाटे ४ ला निघणार.

करू द्यावं का, हा प्रश्नच नाही. तो जाणार आहे. प्रश्न आमचा आहे. आईचं म्हणणं, दर तासाला फोन कर. त्याचे दोन मित्र गाडी घेऊन मागे जायचं म्हणतायत. कोल्हापूरची मावशी हायवेवर डबा घेऊन उभी राहणार आहे. बाबा गप्प. आणि माझ्यावर 'ताई, तू सगळं सांभाळ' एवढंच टाकलंय. सगळं म्हणजे काय? कुणाच्या घरात हे झालंय का?

खारी_बिस्कीट | ६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पहिलं काम म्हणजे 'सॅडलसोर'चा अर्थ (बसून बसून बुडाला होणारी जखम) आईंना सांगू नका. आमच्याकडे मुलीने उत्साहात सांगितला. आजीने तिच्या सामानात कैलास जीवनची डबी भरली आणि सगळ्या बिल्डिंगला कारण सांगितलं.

घाटवळण | ७ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी दोनदा प्रयत्न केलाय, २०१९ ला फसला, २०२२ ला झाला. मार्ग हाच. त्यामुळे अधिकाराने बोलतो.

फोनचा नियम आधी ठरवा. रायडरला कुणीही फोन करायचा नाही. कुणीही म्हणजे आईसुद्धा. हेल्मेटात ब्लूटूथ असलं तरी नाही. तो प्रत्येक पंपावर थांबेल तेव्हा बिलाचा फोटो एकाच माणसाला पाठवेल, आणि बाकी सगळे त्या एकाच माणसाला विचारतील. तो माणूस बहुतेक तुम्हीच. १३ लिटरची टाकी, म्हणजे साधारण २५० किलोमीटरला एक पंप. तुम्हाला दर साडेतीन तासांनी एक फोटो येईल. मधल्या काळात काही कळणार नाही आणि त्याची सवय तुम्हाला लावून घ्यायची आहे, त्याला नाही.

आता बिलं. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे नाक्याची पावती नाही, फास्टॅगची नोंद नाही. तुम्ही अमुक वेळी अमुक जागी होतात याचा मुख्य पुरावा म्हणजे पेट्रोलचं छापील बिल: तारीख, वेळ, गाव. पहिल्या बिलावरच्या वेळेला घड्याळ सुरू होतं, शेवटच्या बिलाला थांबतं. सोबत वहीत प्रत्येक थांब्याला ओडोमीटरचा आकडा. आणि आपल्याकडच्या पंपांची घड्याळं! २०१९ ला माझ्या सुरुवातीच्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख होती. मला ते घरी आल्यावर दिसलं. त्या वर्षी फसायचं ते एक कारण. दुसरं सांगतो नंतर, लाज वाटते.

सुरुवातीला आणि शेवटी साक्षीदाराच्या सह्याही लागल्या होत्या. माझा साक्षीदार शेजारचे जोशीकाका, पहाटे साडेतीनला माकडटोपी घालून पंपावर. ते अजून प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतात.

मित्रांच्या गाडीला नाही म्हणा. मागे माणसं आहेत म्हटल्यावर रायडर थांबायचे निर्णय त्यांच्यावर ढकलतो. शिवाय चहा, सिगरेट, लघुशंका हे तिघांचं एकाच वेळी कधीच जमत नाही. कात्रजपासून शिरवळपर्यंत सोबत जा, हात करा, परत या.

चिंचगुळ | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

घाटवळण यांना पूर्ण अनुमोदन. आमचे 'हे' २०२३ ला जाऊन आले. मी तुमच्याच जागी होते, म्हणून दोन प्रसंग सांगते.

एक. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पहाटे चालू केलेलं, दुपारी बाराच्या सुमारास राणेबेन्नूरच्या आसपास तो निळा ठिपका गायब. सासूबाई देवासमोर, नणंद रडायला लागलेली, मी हावेरीच्या पोलिसांचा नंबर शोधतेय. आणि हे मजेत नारळपाणी पीत बसलेले. तेव्हा गूगल मॅप्सचं शेअरिंग करा, ते आपण बंद करेपर्यंत राहतं. आणि आधीच सांगून ठेवा की ठिपका अर्धा तास हलला नाही तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा रेंज नाही एवढाच.

दोन. हे परत आले, झोपले. बिलं खिशात चुरगळलेली. सासूबाईंना वाटलं, पोराने एवढ्या कष्टाने आणलेली कागदपत्रं, अमेरिकेला जायची आहेत, अशी कशी पाठवायची? त्यांनी ती प्रेमाने इस्त्री केली. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: पंपाचा कागद उष्णतेवर छापतो. सातच्या सात बिलं काळी कुळकुळीत झाली. सासूबाई इस्त्री हातात धरून तशाच उभ्या. मी फोटो जपले होते म्हणून निभावलं. त्या दिवसापासून आमच्याकडे इस्त्रीला हात लावायच्या आधी त्या मला विचारतात.

उगाच_नाही | ७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सगळे कौतुकात मग्न आहेत म्हणून कटू बोलतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८०. १६१० भागिले ८० म्हणजे २० तास ८ मिनिटं, तेही एकदाही ब्रेक न लावता. उरले पावणेचार तास. त्यात खंबाटकी, गावागावांतले सर्व्हिस रोड, उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर, सात वेळा पेट्रोल, जेवण, आणि हो, झोप. म्हणजे एक तर माणूस झोपत नाही किंवा मर्यादा पाळत नाही. यात 'सपोर्ट' कसला करायचा? रस्त्यावर इतरांचीही पोरं असतात.

घाटवळण | ७ नोव्हेंबर, दुपारी २:०२

@उगाच_नाही, गणित बरोबर आहे, टोला पण बरोबर आहे. संस्था स्वतः सांगते की ही वेगाची स्पर्धा नाही, कायद्यात राहून करा. कायद्यात राहून होतं का? होतं, पण फट फार बारीक आहे. थांबे दहा मिनिटांच्या आत, आणि दिवसभरात कुठे काही अडलं तर प्रयत्न सोडून द्यायचा. ही शेवटची अट किती जण पाळतात? २०१९ ला मी नाही पाळली. तुमकूरला तासभर उशीर झाला होता आणि तो मी रात्री ११० ने भरून काढत होतो. कराडजवळ शुद्धीवर आलो. 'शुद्धीवर' हा शब्द जपून वापरलाय. मधले दहा-बारा किलोमीटर मला अजून आठवत नाहीत. ते दुसरं कारण.

घरी कुणी विचारलं असतं, 'किती वाजता कुठे असलास तर सोडून देशील?', तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निरगुडीताई, तुम्ही हे विचारा. आत्ता, दिवसाउजेडी, त्याचं पोट भरलेलं असताना.

उगाच_नाही | ७ नोव्हेंबर, दुपारी २:३०

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मत बदललेलं नाही, पण आभार.

रातराणी_चालक | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार. मी या साइटवर वाचक आहे, लिहीत नाही. नातवाने टाइप करून दिलं आहे.

एसटीत ३१ वर्षं चालक होतो, त्यात ९ वर्षं रातराणी. हा रस्ता मला पाठ आहे, पूर्वीचा दुपदरी आणि आताचा. ताई, तुमच्या भावाच्या वेळापत्रकात एक चूक दिसते. नोव्हेंबर म्हणजे कारखान्यांचा हंगाम सुरू. तो परत येताना मध्यरात्रीनंतर निपाणी ते कराड पट्ट्यात असणार. त्या वेळी तिथे उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरला दोन, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला, आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. समोरून अप्पर मारला की ट्रॉली दिसतच नाही, एकदम काळी भिंत येते. आम्हाला उंचावर बसून दिसायची नाही, दुचाकीवाल्याला काय दिसणार? त्यात सातारा-कागल सहापदरीचं काम, डायव्हर्जनचे बोर्ड रात्री वाचता येत नाहीत.

दुसरं झोपेचं. झोप मध्यरात्री येत नाही, बारा-एकला माणूस ताजा असतो आणि त्याला वाटतं आपण जिंकलो. ती येते तीन ते पाचमध्ये, चोरासारखी. माझा वाहक फार चांगला माणूस होता. तीन वाजले की पुढे येऊन दाराशी बसायचा आणि घरच्या भांडणाच्या गोष्टी काढायचा. मी नुसतं हूं हूं केलं की म्हणायचा, गाडी बाजूला घ्या. दुचाकीवर वाहक नसतो.

डॉ_अनिद्र | ८ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

रातराणीकाकांनी एका परिच्छेदात आमचं अर्धं पुस्तक सांगितलं. पहाटेच्या त्या तासांत शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला जातात, इच्छाशक्तीने त्यात फरक पडत नाही. ८० च्या वेगाने सेकंदाला २२ मीटर. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळपास सात कबड्डीची मैदानं डोळे मिटून. आणि अशी डुलकी लागली होती हे माणसाला नंतर आठवतही नाही (घाटवळण, नमस्कार).

घरच्यांना करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम त्या २४ तासांत नाही, आधीच्या तीन-चार रात्रींत आहे. त्याला झोपू द्या. त्या आठवड्यात पाहुणे नकोत, बारसं नको, 'जरा गॅस सिलिंडरचं बघतोस का' नको. आदल्या रात्री नऊला दिवे बंद. चहा-कॉफी आठवडाभर कमी केली तर राइडच्या रात्री ती उपयोगी पडते. कॉफी प्यायची आणि लगेच वीस मिनिटं गजर लावून आडवं व्हायचं, ती चढेपर्यंत झोप पदरात पडते. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चालायचं, तसंच गाडीवर बसायचं नाही. जागं राहायच्या गोळ्या कुणी मित्र देत असेल तर त्या मित्राला माझ्याकडे पाठवा.

पाणी दर थांब्याला, ओआरएससकट. लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी न पिणारे मी पाहिलेत. संध्याकाळी डोकं दुखतं, चिडचिड होते आणि निर्णय चुकतात. कानात इअरप्लग. वाऱ्याच्या आवाजाने माणूस किती थकतो हे काढल्याशिवाय कळत नाही.

मिरजमळा | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

मावशींच्या डब्याबद्दल मी कबुलीजबाब देतो. २०२१ ला माझा कॉलेजचा मित्र असाच राइडवर. म्हटलं, आपल्या गावावरून जातोय आणि उपाशी जाणार? हायवेला ढाबेवाला ओळखीचा. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, सगळं मांडून तयार. मित्र आला, भिडस्त माणूस, नाही म्हणाला नाही. दोन वाट्या पांढरा झाल्यावर त्याने हेल्मेट घातलं आणि साताऱ्याच्या अलीकडे एका बंद टपरीच्या बाकड्यावर झोपला तो सकाळी आठपर्यंत. राइड गेली. आता आम्ही त्याला 'पांढरा रस्सा ६००' म्हणतो.

केळं, राजगिऱ्याची चिक्की, दाण्याचा लाडू. मावशींना म्हणावं, हात दाखवायला उभं राहा, डबा परत घरी न्या.

गमतीचा भाग सोडा. मी हायवेपासून दहा मिनिटांवर राहतो, घरात एक खोली रिकामी असते. नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. भावाच्या फोनमध्ये घालून ठेवा. लागला नाही तर उत्तम.

लोनस्टार_काकू | ९ नोव्हेंबर, पहाटे ४:४०

टेक्सासहून. माझा नवरा इथे तीनदा करून आलाय. इथे पंपावर कार्ड लावलं की बिल, कुणाशी बोलायचं कामच नाही, आणि रस्ता इतका सरळ की तोच धोका. आमच्याकडे उसाऐवजी हरणं. संध्याकाळ झाली की मी हरणांना शिव्या देत बसते. सांगायचं एवढंच की काळजी इथेही तेवढीच असते, रस्ता चांगला म्हणून कमी होत नाही. आणि ही तर पायरी आहे हं. याच मंडळींची दर दोन वर्षांनी ११ दिवसांत ११,००० मैलांची रॅलीसुद्धा असते. हे तुमच्या आईंना सांगू नका.

निरगुडी | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रगती सांगते.

हा धागा मी छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला. कुणाला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रातराणीकाकांच्या प्रतिसादाखाली पेन्सिलची रेघ होती. बाबा बँकेत तपासणी विभागात होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. परवा सकाळी ते दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि तासाभराने आले. भाऊ ज्या पंपावरून निघणार होता तिथे जाऊन त्यांनी शंभराचं पेट्रोल घेतलं होतं. बिल माझ्यासमोर ठेवलं. "घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे. दुसरा पंप बघ म्हणावं त्याला." दोन आठवड्यांनंतरचं हे पहिलं वाक्य.

काल दोघं रात्री वही घेऊन बसले. बाबांनी तक्ता आखलाय, लाल-निळ्या शाईत. गाव, अंतर, अपेक्षित वेळ, आणि शेवटचा रकाना 'यानंतर नाही'. म्हणजे त्या गावाला त्या वेळेनंतर पोचला तर प्रयत्न तिथेच संपला, वाद नाही. कागलच्या पुढे घरापर्यंत २५० उरतात, तिथली वेळ रात्री १२:३०. भावाने १ म्हटलं, बाबांनी १२:१५. शेवटी साडेबारावर सही झाली. खरोखर सही, दोघांची.

निघायची वेळ बदल म्हणून मी खूप मागे लागले, पण संध्याकाळी निघायचं तर दिवसभर झोप लागत नाही म्हणतो. पहाटे चारच राहिले. ऊस मला आवडलेला नाही, पण मी वाहक आहे, चालक नाही.

मित्रांना फुटवलं. मावशीला फुटवता आलं नाही.

चिंचगुळ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

सह्यांचा फोटो काढून ठेवा. आणि इस्त्री लपवा.

घाटवळण | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

हा तक्ता मला २०१९ ला हवा होता. निघण्याआधी आणखी एक: हेल्मेटवर रक्तगट आणि तुमचा नंबर चिकटवा. तुमच्या फ्रिजवर १०३३ (महामार्गाची मदत), १०८, ११२ हे तीन आकडे. घाबरल्यावर पाठ असलेलंही आठवत नाही.

निरगुडी | १ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

झालं. म्हणजे नाही झालं. आणि बरं आहे सगळं. नीट लिहिते.

पहाटे ४:०६ चं बिल. आई पंपावर आली होती, ओवाळायचं तबक घेऊन. पंपावर निरांजन लावायचं नाही हे तिला तिथल्या पोराने सांगितलं, मग नुसतं कुंकू लावलं, तेही हेल्मेटच्या काचेतून नाकावर. मित्र शिरवळपर्यंत. मावशी सातला कोल्हापूरला पुलाखाली उभी. भावाने वेग न कमी करता हात केला म्हणून ती अजून रुसलेली आहे.

दिवसभर सगळं तक्त्याप्रमाणे. फोटो येत होते, बाबा वहीत आकडे भरत होते. नेलमंगला ४:०२. आईने दुपारी एकदाच विचारलं, "जेवला का?", मी म्हटलं चिक्की खाल्ली, ती म्हणाली, "ते जेवण नव्हे," आणि आत गेली.

परतीला हुबळीत अडलं. पंपाच्या मशिनचा कागद संपलेला. पोरगा हाताने लिहून द्यायला तयार, पण छापीलच हवं म्हणून हा पुढच्या पंपावर गेला, तिथे रांग. त्यात बेळगावनंतर एका ठिकाणी रस्त्याच्या कामापाशी ट्रक आडवा. मला हे काही तेव्हा माहीत नाही. फक्त ठिपका दिसतोय, हळू हळू. साडेबारा वाजले तेव्हा ठिपका निपाणीच्याही मागे. बाबांनी वहीतल्या त्या रकान्याखाली रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

१:१० ला कागलहून फोटो, आणि ठरलं नसताना त्याचा फोन. "ताई, तीन तास आहेत अजून. ओढतो मी." तीन तासही नव्हते, दोन तास छप्पन्न मिनिटं, बाबांनी लगेच सांगितलं. अडीचशे किलोमीटर. म्हणजे सरासरी पंच्याऐंशी, ट्रॉल्यांच्या रांगेतून, आवाज असा की शब्द एकमेकांना चिकटलेले. मी काय बोलावं ते सुचेना. खरं सांगते, माझ्याही मनात आलं की एवढं केलंय तर जाऊ दे. फोन बाबांना दिला.

मला वाटलं तक्ता काढतील, सही दाखवतील. बाबा म्हणाले, "पाणी प्यायलास का?" मग जरा वेळ काही नाही. मग, "बरं. गाडी पंपाच्या उजेडात लाव. त्या मिरजमळ्यांना ताई फोन करते."

मिरजमळा, रात्री सव्वाला फोन पहिल्या रिंगला उचललात. तुम्ही झोपला नव्हतात हे मला कळलं. तुमच्या पुढे तो मोटरसायकलवर हळू आला, तुमच्या घरी पोचला, आणि बूट काढता काढता जिन्यातच झोपला असं वहिनींनी सांगितलं.

१३८० किलोमीटर. काल दुपारी घरी आला. बाबांनी गेट उघडलं, ओडोमीटर बघितला, वहीत लिहिला.

मिरजमळा | १ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

जिन्यात नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. अचूक माहिती दिली पाहिजे. मटण सकाळी दहाला दिलं, तेव्हा चार वेळा घेतलं.

उगाच_नाही | १ डिसेंबर, सायंकाळी ७:४०

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

खारी_बिस्कीट | १ डिसेंबर, रात्री ८:१२

भाऊ आता काय म्हणतोय? चिडलाय का?

निरगुडी | १ डिसेंबर, रात्री ९:२५

काल दिवसभर कुणाशी बोलला नाही. हुबळीच्या पंपाला दोष देऊन झाला, ट्रकला देऊन झाला. आज सकाळी बाबांच्या वहीत डोकं घालून बसला होता. हुबळीला दोन छापील पंप आधीच हेरून ठेवायचे असं दोघांचं ठरलंय. पुढचा प्रयत्न हंगाम संपल्यावर, मार्चच्या शेवटी. तेव्हा चित्रदुर्गाकडे ऊन फार, असं आई म्हणते. म्हणजे आता आईही तक्त्यात आली.

रातराणीकाका, एक विनंती. बाबांना तुमच्याशी बोलायचंय. रात्री दोननंतर हावेरी ते निपाणी कुठे उजेड असतो, कुठे माणूस सुरक्षित पडू शकतो, अशी त्यांनी अकरा प्रश्नांची यादी केली आहे. नंबर व्यनि कराल का?

रातराणी_चालक | २ डिसेंबर, सायंकाळी ५:५०

नंबर नातवाने पाठवला आहे. आमच्या वेळची चहाची हॉटेलं आता बरीच बंद झाली, नवीन रस्ता वरून गेला. पण माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं अजून त्या मार्गावर आहेत, त्यांना विचारून ठेवतो.

वडिलांना म्हणावं दुपारी चारनंतर फोन करा. निवृत्त होऊन १४ वर्षं झाली, पण माझी झोप अजून दुपारचीच आहे.